श्रावणातील वाचन

गेला श्रावणभर आम्ही पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तके आणीत होतो. पोर्तुगीज अमदानीत १८३२ साली स्थापिलेल्या या ग्रंथालयास आज, १५२६ साली मराठीत ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ रचावयास घेणाऱ्या कृष्णदास शामांचे नाव आहे; उचितच ते.

मातोश्रींची दृष्टी अधू, म्हणून सांजवातीनंतर आम्ही मोठ्याने वाचीत असू. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हाती घेताच त्या म्हणाल्या, “श्रावणात बाटलेल्यांचे पुस्तक कशाला?” आम्ही वाचीत राहिलो. १८९५ साली पतीने धर्मांतर केल्यावर त्या बाईंनी सोसलेला विरह ऐकताना मातोश्रींची जपमाळ थांबली. आमच्याही घराण्याची एक शाखा अशीच दुरावलेली. तिचे नाव घरात कधी निघत नसे. त्या रात्री निघाले.

पुस्तक परत करावयाच्या दिवशी मातोश्री म्हणाल्या, “आणखी आठ दिवस ठेवून घे.”