उचल

दसरा झाला की आमच्या गावात मुकादमाच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आणि दिवाळी सरेपर्यंत निम्म्या घरांना कुलपं लागायची. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगराला टेकलेलं गाव. जमीन मुरमाड, पाण्याचं नाव नाही. ऊस आमच्याकडे पिकत नाही, तोडायला माणसं मात्र आमच्याकडून जातात. कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटकापर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादम उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत जोडी त्याची.

दुसरीत आणि तिसरीत मीही गेले. सहामाही परीक्षा गावात दिली, वार्षिक परीक्षेच्या वेळी मी कोल्हापूरकडच्या एका फडात होते. आई पहाटे तीनला उठून भाकरी थापायची, अंधारातच फडात जायची. उजाडलं की आम्ही पोरं मागून जाऊन वाढं गोळा करायचो. बांधाच्या पलीकडून त्या गावातली पोरं दप्तरं घेऊन शाळेत जाताना दिसत. त्या शाळेनं आम्हाला कधी नाही म्हटलं नाही. आम्ही विचारलंच नव्हतं.

पुढे डीएडला असताना वाचलं, की शाहू महाराजांनी 1917 साली याच कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. वाचून हसू आलं. माझ्या बापाला दंड झाला असता तर तोही मुकादमाकडूनच उचलावा लागला असता. पण त्याच महाराजांनी त्याच्या सोळा वर्षं आधी, 1901 पासून, वसतिगृहं काढायला सुरुवात केली होती. शाळेच्या आधी चूल लागते हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या गावात ती चूल जिजीची होती.

जिजी आमची नात्यातली नव्हे. वाडग्याला वाडगं लागून होतं एवढंच. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तीसही सरली नव्हती तेव्हा पोटात दुखतं म्हणून तालुक्याला गेली, आणि तिथल्या डॉक्टरनं पिशवी काढली. त्यानंतर मोळी उचलली की तिला उभं राहवत नसे. मोळी न उचलणाऱ्या बाईला मुकादम उचल देत नाही, म्हणून ती गावात राहिली. 2019 साली आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांची बातमी देशभर गाजली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि आकडा तेरा हजारांच्या वर निघाला. मला त्या आकड्यात एकच बाई दिसत होती. तिची पिशवी शाबूत असती तर ती फडात असती, आणि मीही फडातच असते. हे तिला कधी बोलून दाखवण्याचा धीर मला झाला नाही.

1994 च्या दिवाळीत तीच आईला म्हणाली, “एक लेकरू ठिव माझ्यापशी. दोन नगंत, खोली पुरायची नाय.”

एक कोण, यावर घरात फार बोलणं झालं नाही. आक्का अकरा वर्षांची, पाचवीत, वर्गात पहिली. मी चौथीत, पाढ्यांना अडखळणारी. पण धाकटा सहा महिन्यांचा होता. कोपीत त्याला सांभाळायला, पाणी भरायला, भाकऱ्या टाकायला आक्काच लागणार होती. टेम्पोत बसताना तिनं तिचं कंपासपेटीतलं शिसपेन्सिलीचं थोटूक मला दिलं. पेटी नाही दिली. पेटी ती घेऊन गेली.

आईनं बाजरीचं पोतं जिजीच्या ओट्यावर ठेवलं. जिजीनं ते तसंच आत नेलं नाही. अधुली आणली, आईसमोर एक-एक माप तळव्यानं सपाट करून मोजलं. आई म्हणाली, “आगं बाई, मोजतीस काय?” जिजी म्हणाली, “फुकट ठिवलं तर पोरगी मिंधी व्हईल. मोजलेलं बरं.” पाडव्याला मंडळी परत आली तेव्हा उरलेली सव्वा पायली तिनं तशीच मापून आईच्या पदरात टाकली. दहावीपर्यंत सात वर्षं हे असंच चाललं.

चहा ती कोरा प्यायची, साखर न घालता. गूळही नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, “उसानं माझं खाल्लं, मी त्याचं कशाला खाऊ?” एवढं बोलून ती शेणाच्या पाटीला लागली.

मी सहावीत असताना तिनं कोनाड्यातून एक फडकं काढलं. आत कारखान्याच्या वजनाच्या चिठ्ठ्या. नवऱ्याच्या शेवटच्या हंगामातल्या, उंदरानं कडा कुरतडलेल्या, सदतीस. “बेरीज कर,” म्हणाली. दशांश चिन्ह तेव्हा नुकतं शिकवलं होतं. तीन रात्री चिमणीच्या उजेडात टनांची बेरीज केली, तिला तोंडपाठ असलेल्या भावानं गुणली, उचलीतून वजा केली. पुन्हा केली. उचल फिटून तिचेच एकशे दहा रुपये निघत होते. मुकादमानं मात्र उचल बाकी आहे म्हणून नवरा गेल्यावर तिला आणखी दोन हंगाम दुसऱ्याच्या जोडीला लावून राबवलं होतं. त्यातल्याच दुसऱ्या हंगामानंतर तिचं पोट दुखायला लागलं होतं.

मला वाटलं ती रडेल, शिव्या देईल. ती बराच वेळ चिठ्ठ्या सारख्या करत बसली. “फिटली व्हती म्हंजी,” म्हणाली. मग फडकं होतं तसं बांधून कोनाड्यात ठेवलं. मुकादम तोवर मेलेला होता. गणित हा माझा विषय त्या तीन रात्रींत झाला. आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तोच शिकवते.

जिजी 2012 च्या जानेवारीत गेली. ऐन हंगाम, गावात खांदा द्यायला चार माणसं जमवताना धावपळ झाली.

शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला 2010 साली. राज्याच्या नियमांनी प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणली. आमची शाळा तर दोनशे पावलांवर होती, घरच दिवाळीला उठून जायचं. आता आम्ही जाणाऱ्या पोरांच्या हातात शिक्षण हमी पत्रक देतो, म्हणजे जिथं जातील तिथल्या शाळेनं बसवून घ्यावं. गावात हंगामी वसतिगृहही चालतं, शाळेतच जेवण. मुलं रात्री आजी-आजोबांकडे झोपतात. ज्यांना आजी-आजोबा नाहीत, त्यांच्यापुढे कागद येऊन थांबतो.

2016 च्या दिवाळीत आक्का तिच्या धाकटीला घेऊन माझ्या दारात आली. आक्का त्या वर्षीही कोयत्यावर होती, पंधराव्या वर्षी लग्न झाल्यापासून आहे. मुलगी चौथीत. मी काही विचारायच्या आधीच पिशवी तिच्या हातातून घेतली. आक्का उंबऱ्याच्या आत आली नाही. कमरेची पिशवी सोडून तिनं नोटा काढल्या, उचलीतल्या. मी म्हणाले, “आक्का, वेडी आहेस का? माझी भाची आहे ती.”

“हाये की,” आक्का म्हणाली. “पर माझ्या पोरीला कुणाचं मिंधं ठिवायचं नाय मला. तुझंबी नाय.”

तिच्या बोटांना उसाच्या पाचटानं पडलेल्या चिरा होत्या. नोटा तिनं माझ्यासमोर धरून ठेवल्या होत्या आणि नजर बाजूला केली नव्हती. मी त्या घेतल्या आणि तिथंच, तिच्यासमोर, एक-एक करून मोजल्या.