चेहऱ्यासाठी लेन्स घेताना

घरातील वडीलधारी व्यक्ती गेली की दोन-तीन दिवसांत एक प्रश्न हमखास उभा राहतो : तसबिरीसाठी फोटो कोणता द्यायचा? आपल्या व्यापारी कुटुंबांत पन्नास वर्षांपूर्वीच्या खातेवह्या कापडात बांधून जपलेल्या सापडतात. पण ज्या हातांनी त्या लिहिल्या, त्या माणसाचे एक धड छायाचित्र सापडत नाही. मग कोणाच्या तरी लग्नातील समूहचित्रातून चेहरा कापून काढला जातो, शेजाऱ्याचा खांदा पुसला जातो, आणि ते चित्र मोठे केले की डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके उरतात. आधार कार्डावरील फोटो तसबिरीत लावावा लागलेली घरेही मी पाहिली आहेत.

निवृत्तीनंतर मी नेरे येथे राहावयास आलो. पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. आता इमारती उभ्या राहत आहेत, तरी आतल्या आळ्यांत कौलारू घरे आणि त्यांच्या ओट्या अजून शिल्लक आहेत. त्या ओट्यांवर सकाळी ऊन खात बसलेली ऐंशीच्या घरातील माणसे पाहून वाटले की यांचे फोटो यांच्या हयातीतच, यांच्या संमतीने आणि यांना आवडतील असे काढून ठेवावेत. मुलाने नवा कॅमेरा घेताना जुना कॅनन १५०० डी माझ्याकडे सोपवला होता. सोबत १८–५५ मि.मी.ची, कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी लेन्स होती. अडचण होती ती या लेन्सची. ‘छंद’ या खात्यावर वर्षाला पंधरा हजारांहून अधिक खर्च टाकायचा नाही, असा आमच्या घरचा ठराव आहे (सौभाग्यवतींनी मांडलेला, मी अनुमोदन दिलेला). तेव्हा त्या रकमेत काय बसते, याचा मी कर्जप्रकरण तपासावे तसा तपास केला.

पहिला मुद्दा प्रकाशाचा. लेन्सवर लिहिलेला ‘एफ’चा आकडा जितका लहान, तितके तिचे छिद्र मोठे. माझ्या जुन्या लेन्सचा आकडा ५५ मि.मी.वर ५.६ होता. ५० मि.मी.ची साधी, झूम न होणारी लेन्स १.८ची मिळते. ५.६ला १.८ने भागून वर्ग केला की उत्तर येते सुमारे ९.७. म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश! जिथे जुन्या लेन्सला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो, तिथे नवीला दीडशेवा भाग पुरतो. तरुण माणसाला हा फरक जाणवणार नाही. पण ज्यांची मान किंचित हलत राहते अशा आजोबांचा चेहरा स्पष्ट येणे किंवा न येणे याच फरकावर ठरते. फ्लॅश मारून ही उणीव भरून काढता येते, हे खरे. परंतु थेट फ्लॅशमध्ये वृद्ध चेहरा चौकीवर आणून बसवल्यासारखा दिसतो, असे माझे मत आहे.

व्यक्तिचित्रणात मोठ्या छिद्राची ही गरज जुनीच आहे. छायाचित्रणाच्या अगदी आरंभी माणसाला काही मिनिटे निश्चल बसवावे लागे. १८४० साली व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी खास चेहऱ्यांसाठी कितीतरी अधिक प्रकाश घेणारे भिंग गणिताने सिद्ध केले, आणि मिनिटांचा प्रश्न सेकंदांवर आला. आपल्या वाचकांना रुचेल अशी गोष्ट पुढची : प्राध्यापकांनी एकरकमी मोबदला घेतला आणि पुढची कमाई कारखानदाराची झाली. त्यावरून दोघांत कायमचे वितुष्ट आले.

दुसरा मुद्दा अंतराचा. मोबाइलवर जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे का दिसते? नाकाचा शेंडा आणि कान यांत साधारण १२ सें.मी. अंतर धरू. नाक मोबाइलपासून ४० सें.मी.वर असेल तर कान ५२वर. म्हणजे कानाच्या प्रमाणात नाक तीस टक्के फुगते. तेच दोन मीटरवरून पाहिले तर फरक सहा टक्क्यांवर येतो. दोष लेन्सचा नसून जवळिकीचा आहे. लेन्सने एवढेच करायचे, की दूर उभे राहूनही चेहरा चौकटीत भरावा.

मग ५० की ८५? जाणकार ८५ मि.मी.चे नाव घेतात, ते मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्याने ५० मि.मी.ची लेन्स तिथे मोठ्या कॅमेऱ्यावरच्या ८० मि.मी.सारखी वागते. शिवाय ८५ची किंमत माझ्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक. तरीही हिशेब करून पाहिला. कमरेपर्यंतचे उभे चित्र घ्यायचे तर ५० मि.मी.ला साडेसात फूट अंतर लागते, ८५ला जवळजवळ तेरा फूट. नेऱ्यातील जुन्या घराची खोली दहा फुटांची. त्यात आजींची खुर्ची, कपाट आणि मी. ८५ घेतली असती तर मला खिडकीतून बाहेर उभे राहावे लागले असते.

स्वस्तातली लांब पल्ल्याची झूम लेन्सही एकाने सुचवली. तिचे छिद्र लहान, म्हणून ती लगेच बाद केली. जुनी रशियन हेलिओस, ५८ मि.मी., एफ २, कडी लावून माझ्या कॅमेऱ्यावर बसते आणि तिचे चाहतेही पुष्कळ आहेत. परंतु तिचा फोकस हाताने साधावा लागतो आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या डोळ्यांवर एवढा भरवसा टाकावा असे मला वाटले नाही. ज्यांच्या घरी निकॉनचा प्राथमिक श्रेणीचा कॅमेरा आहे, त्यांच्यासाठी एक सूचना : ५० मि.मी.ची जुनी ‘डी’ लेन्स स्वस्त मिळते, पण तीत मोटर नसते आणि डी ३५००सारख्या कॅमेऱ्यातही नसते. तिथे ‘जी’ अक्षराची ‘एएफ-एस’ लेन्सच घ्यावी.

वापरलेल्या लेन्सचा विचार मी गांभीर्याने केला. कॅमेऱ्याची किंमत झपाट्याने उतरते. लेन्सचा घसारा त्या मानाने मंद असतो. कॅननची ईएफ जोडणी १९८७पासूनची, आणि नव्या आरशाविना कॅमेऱ्यांवरही ती कडी लावून चालते. परंतु कोकणपट्टीच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते. मुंबईत फोर्टातील बोरा बाजारात मी काही लेन्स पाहिल्या. पद्धत सोपी आहे : छिद्र पूर्ण उघडे ठेवून मागून टॉर्च टाकायची आणि तिरके पाहायचे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की लेन्स परत ठेवायची. धुळीचे चार कण चालतात; बुरशी चालत नाही. मला दाखवलेल्या तिसऱ्या लेन्समध्ये असे तंतू होते, आणि वापरलेली व नवी यांत फरक अडीच हजारांचा. एवढ्या रकमेसाठी बुडीत कर्जाचा धोका कोण पत्करणार? कॅननची ५० मि.मी. एफ १.८ एसटीएम ही नवीच घेतली. दहा हजारांच्या आसपास. वजन अवघे १६० ग्रॅम. उरलेल्या रकमेतून घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छपाईचा खर्च निघाला.

वापरताना कळलेली गोष्ट अशी, की १.८ मिळते म्हणून प्रत्येक वेळी १.८ वापरू नये. साडेचार फुटांवरून केवळ चेहरा घेतला तर स्पष्टतेची खोली जेमतेम पाच सें.मी. राहते; डोळा नेमका येतो आणि कान धूसर. २.८वर ती आठ सें.मी.पर्यंत वाढते आणि तरीही जुन्या लेन्सच्या चौपट प्रकाश हाती राहतो. फोकस जवळच्या डोळ्यावर धरावा. आणि बसवावे ते ओटीच्या कडेला, उन्हात नव्हे, तोंड अंगणाकडे. तिथला मऊ उजेड पैसे देऊन मिळत नाही. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांच्या ‘चेहरे’ या पुस्तकातील छायाचित्रे पाहताना लेन्स कोणती असेल, हा विचारही मनात येत नाही. उजेड मात्र लक्षात राहतो.

आजवर अकरा घरांतील फोटो झाले. प्रत्येक घरी आठ बाय दहाची, चमक नसलेल्या कागदावरील एक प्रत देतो, आणि मागे पेन्सिलीने नाव व तारीख लिहितो. एका आजोबांनी आपली प्रत बघून मुलाला सांगितले, “हाच लाव, दुसरा शोधत बसू नकोस.” मुलगा कानकोंडा झाला, आजोबांनी मात्र चष्मा पुसून फोटो पुन्हा जवळ धरला.

अजून चार घरे राहिली आहेत. पाऊस लागला की ओटीला ताडपत्री बांधतात आणि उजेड जातो, म्हणून मला घाई आहे. त्यांतल्या एका आजींची मात्र अट आहे : नवी कवळी बसल्याशिवाय फोटो नाही. कवळीला अजून दोन आठवडे लागणार आहेत. पावसाला, झालाच तर, तीन.