आकड्याच्या पुढचा प्रश्न

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात सूतगिरणी चौक, पुंडलिकनगर या भागात अभ्यासिका, मेस आणि भाड्याच्या खोल्या यांची दाटी आहे. मराठवाड्यातल्या गावोगावची मुलं-मुली इथे राहून परीक्षांची तयारी करतात. मनाची चाचणी आता त्यांच्या हातातल्या मोबाइलवरच मिळते: नैराश्य आहे का, चिंता किती, स्वभाव कुठल्या प्रकारचा, नातं टिकेल का. मानसशास्त्र हे माझं क्षेत्र आहे आणि माझा या चाचण्यांना विरोध नाही. त्यातल्या काही फार कष्टाने, काटेकोरपणे घडवलेल्या आहेत. पण स्वचाचणी हे अर्धंच अवजार असतं. उरलेलं अर्धं म्हणजे आलेला आकडा पाहून पुढचा प्रश्न विचारणारं माणूस, आणि चाचणी मोबाइलवर आली तेव्हा ते माणूस मागेच राहिलं.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी चाचणी घेऊ. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची नैराश्याची चाचणी स्पिट्झर, विल्यम्स आणि क्रोंके या अमेरिकी संशोधकांनी दवाखान्यातल्या वापरासाठी तयार केली. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती वेळा झाला, याला 0 ते 3 गुण, एकूण 27. बेरीज 10 किंवा वर गेली की नीट तपासावं, असा संकेत आहे. आता परीक्षा तोंडावर आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याची कल्पना करा. रात्र-रात्र जागरण, म्हणून झोपेच्या प्रश्नाला 3. दिवसभर थकवा, त्याचे 3. मेसचं जेवण जात नाही, 2. वाचलेलं डोक्यात शिरत नाही, 2. झाले 10. पडद्यावर ‘मध्यम नैराश्य’ अशी अक्षरं येतात. पण पहिल्या दोन प्रश्नांना, म्हणजे कशात रस न वाटणं आणि मन उदास असणं यांना, त्याने शून्य दिलेलं आहे; आणि या दोहोंपैकी एकही लक्षण नसेल तर नैराश्याचं निदान होतच नाही. त्याचं हिमोग्लोबिन कमी असेल, थायरॉइडचा त्रास असेल किंवा त्याला नुसती झोप हवी असेल. घरात नुकताच मृत्यू झाला आहे का, पूर्वी कधी उन्मादाचा झटका येऊन गेला का, एखादा शारीरिक आजार किंवा औषध यामागे आहे का, हे डॉक्टरांनी पाहावं, अशी सूचना मूळ चाचणीसोबतच दिलेली आहे. मोबाइलवर बहुधा फक्त बेरीज उरते.

यात चाचणीचा दोष नाही, हे गणितानेही दिसतं. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 10 ही सीमा धरली तेव्हा नैराश्य असलेल्या शंभरांपैकी 88 जण चाचणीने ओळखले आणि नसलेल्या शंभरांपैकी 88 जणांना बरोबर बाजूला काढलं. कामगिरी चांगलीच म्हणायची. आता समजा, हजार माणसांनी चाचणी दिली आणि त्यातल्या शंभरांना खरोखर नैराश्य आहे. 88 सापडतील, 12 निसटतील. उरलेल्या नऊशेंपैकी 108 जणांनाही ‘नैराश्य’ असाच निकाल मिळेल. म्हणजे निकाल हाती आलेल्या 196 जणांपैकी निम्म्याहून अधिकांना तो आजार नाही. ओपीडीत याने काही बिघडत नाही, कारण त्या 196 जणांशी कुणीतरी बोलणार असतं. खोलीत एकट्याने चाचणी देणाऱ्याशी बोलणारं कुणी नसतं. आकडा हेच त्याचं निदान ठरतं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. मनोविकारतज्ज्ञ आहेतच किती? खेड्यात तर नाहीतच, आणि शहरात असले तरी लोक काय म्हणतील या धाकाने पायरी चढवत नाही. मग निदान मोबाइलवर तरी कळू द्या. हा आक्षेप मला मनापासून पटतो, म्हणूनच अमरावती जिल्ह्यातल्या ‘विश्राम’ प्रकल्पाकडे पाहायला हवं. तिथल्या तीस गावांत नैराश्य मोजायला हीच नऊ प्रश्नांची चाचणी वापरली होती. मात्र तिच्या जोडीला गावपातळीवरचे कार्यकर्ते होते, त्यांच्यामागे समुपदेशक आणि त्यांच्यामागे मनोविकारतज्ज्ञ. ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त 2017 साली आलेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. तुलनेला प्रकल्पाबाहेरची गावं नव्हती, ही त्या अभ्यासाची मर्यादा. तरीही फरक लहान नाही. तज्ज्ञांची वाण असलेल्या विदर्भातच हे घडलं. चाचणीनंतर बोलणारं माणूस डॉक्टरच असावं लागतं असं नाही. शिकवलेलं आणि पाठीशी यंत्रणा असलेलं असावं लागतं.

स्वभावाच्या चाचण्यांची अडचण वेगळी. बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचं व्यक्तिचित्र’ म्हणून एकच मजकूर दिला. तो बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. तो किती जुळतो, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. ‘अगदी माझंच वर्णन’ असं वाटणं हा चाचणी खरी असल्याचा पुरावा नव्हे. माणसांना सोळा प्रकारांत बसवणाऱ्या मायर्स-ब्रिग्ज चाचणीत आणखी एक गफलत आहे. बहुतेक माणसं बोलकी आणि अबोल यांच्या मधे कुठेतरी असतात; मधोमध रेघ मारली की दोन-चार उत्तरं बदलताच प्रकार बदलतो. पुन्हा चाचणी दिल्यावर अनेकांना वेगळाच प्रकार मिळतो तो यामुळे.

स्वतःविषयी बोलायला चार शब्द मिळाले तर बिघडलं कुठे, असं कुणी विचारेल. बोलण्यापुरतं काहीच नाही. निर्णय त्यावर टेकायला लागला की बिघडतं. 2016 पासून राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी सुरू केली. कृषीपासून गणवेशधारी सेवांपर्यंत सात क्षेत्रांपैकी ओढा कुठे, हे त्यात पाहिलं जाई. हेतू चांगला होता. पण आवड आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी, आणि पंधराव्या वर्षीची आवड तर ऐकलेल्या-पाहिलेल्यावरच उभी असते. ज्या मुलीने कधी प्रयोगशाळा पाहिली नाही तिचा कल कागदावर कसा उमटणार? तिच्या अहवालाशेजारी बसून हे विचारणारा समुपदेशक शाळेत हवा. नात्यांच्या चाचण्यांविषयी थोडक्यात एवढंच, की त्यात नातं दोघांचं आणि उत्तरं एकाची असतात, तीही बहुधा भांडणाच्या रात्री दिलेली. त्यातून त्या रात्रीचं मन कळतं. जोडीदार कसा आहे ते कळत नाही.

आता पीएचक्यू-९चा नववा प्रश्न, ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का, हे तो विचारतो. एखाद्याने बाकी आठही प्रश्नांना शून्य आणि इथे 2 दिले तर बेरीज 2 होते, आणि चाचणीच्या हिशेबात ती सर्वांत खालच्या पायरीवर बसते. ‘तुम्ही ठीक आहात’ असं वाचून तो मोबाइल बंद करील. त्याच्या त्या एका उत्तरावर मात्र त्याच दिवशी कुणीतरी त्याच्याशी बोलायला हवं. ‘टेलि-मानस’चा 14416 हा सरकारी क्रमांक 2022 पासून चालू आहे, तो मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. ही चाचणी मराठीत दाखवणाऱ्या प्रत्येक अॅपने आणि संकेतस्थळाने नवव्या प्रश्नाला शून्याहून वेगळं उत्तर आलं की बेरीज बाजूला ठेवावी आणि आधी हा क्रमांक दाखवावा. महाविद्यालयांनी आणि अभ्यासिका चालवणाऱ्यांनी तो भिंतीवर लावावा, आणि शेजारी फोन उचलणाऱ्या एका माणसाचं नाव लिहावं.