तरीची वेळ

प्रवासाचा निम्मा आनंद तो आखण्यात असतो, असे माझे जुने मत आहे. बदलीच्या नोकरीत मुक्काम सरकार ठरवते; निदान रजेतला रस्ता तरी आपण ठरवावा! म्हणून परवा मल्लेश्वरमच्या घरी जेवणाच्या मेजावर नकाशा पसरून मी बसलो. अर्जित रजा नऊ दिवसांची. पाऊस सरला म्हणजे बेंगळुरूहून हासन, सकलेशपूर, तेथून शिराडी घाटातील दाट रान उतरून मंगळूर. सुमारे साडेतीनशे किलोमीटर. पुढे किनाऱ्याने उत्तरेकडे : उडुपी, मग मरवंते, जेथे रस्त्याच्या डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला सौपर्णिका वाहते, मुरुडेश्वर, गोकर्ण, कारवार, गोवा आणि शेवटी मालवण. कारवारापुढे मी लिहिले होते : 'चहा, अर्धा तास.'

बाबा जवळच बसले होते. त्यांचे वय त्र्याऐंशी. अलीकडे ते मला कधी कधी आपल्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारतात. नकाशावर बोट टेकवून ते एकाएकी म्हणाले, "शरावती, अघनाशिनी, गंगावळी, काळी." मी नकाशा पडताळून पाहिला. दक्षिणेकडून उत्तरेकडे, क्रम अचूक होता.

त्यांचे बालपण सदाशिवगडास गेले. शाळा काळीच्या पलीकडे, कारवारात. रोज सकाळी तरीच्या होडीने कोडीबागेस यायचे. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा होता, त्यामुळे उत्तरेची वाट हद्दीपाशीच अडे. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत कारवार मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, आजोबांची बदली कोल्हापुरास झाली आणि चौदा वर्षांच्या बाबांची ती होडी कायमची सुटली. पुढे ते तिकडे गेले नाहीत. आणि जावेसे वाटते का, हे मीही कधी विचारले नाही.

"होडी किती वाजता सुटते?" बाबांनी विचारले.

मी कचेरीतल्या सवयीने खुलासा केला : आता सर्व नद्यांवर पूल आहेत, काळीवरचा जुना पूल २०२४ च्या ऑगस्टात कोसळला खरा, परंतु शेजारच्या नव्या पुलामुळे अडचण नाही. बाबांनी सारे ऐकून घेतले. त्यांचा चेहरा मात्र उतरला. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न, वर, "चुकली तर मास्तर छडी मारतील रे."

स्वयंपाकघरातून ही हळूच म्हणाली, "अहो, त्यांनी पुलाचे कुठे विचारले?"

मी पेन्सिलीने 'चहा, अर्धा तास' खोडले आणि तेथे लिहिले, 'सदाशिवगड, दोन दिवस.' नऊ दिवसांत मग मालवण बसेना, तेही खोडले.

"सकाळी सातला सुटते, बाबा," मी म्हणालो.

"मग सहालाच निघू," ते म्हणाले, आणि नकाशाची घडी घालू लागले.