उशीर कुणाचा

दिवाळीला पुण्याहून केडगावला येताना मी एक जुना प्लॅस्टिकचा ड्रमसेट घेऊन आलो. (केडगाव म्हणजे आमचं नगरचं, रेणुकामातेचं. दौंड तालुक्यातलं, मुक्ती मिशनवालं केडगाव वेगळं. हे मला प्रत्येक नव्या मित्राला सांगावं लागतं.) ‘रॉक बँड’ या २००७ सालच्या गेमसोबत यायचा तसा: चार रंगीत पॅड, पायाला एक पेडल. पडद्यावर रंगीत ठिपके घसरत येतात, ठिपका रेषेवर आला की त्या रंगाच्या पॅडवर काठी मारायची. मी तो लॅपटॉपला जोडतो आणि ‘क्लोन हीरो’ हा फुकटातला गेम खेळतो.

आणण्याचं खरं कारण अण्णा. तीस वर्षं एकादशीच्या भजनाला मृदंग वाजवणारा माणूस ‘हात मागं पडतोय आता’ म्हणून घरी बसला होता. मंडळात कुणीतरी तसं तोंडावर बोललंही होतं. आई फोनवर म्हणाली, “मृदंग गवसणी घालून कपाटावर ठेवलाय.”

लॅपटॉप हॉलमधल्या टीव्हीला जोडला, आवाज ब्लूटूथच्या साउंडबारवर. अण्णा काठ्या घेऊन बसले. मला कानाने स्पष्ट कळत होतं, ते गाण्याबरोबर चोख वाजवत होते. पडद्यावर मात्र चुकाच चुका. मिनिटभरात त्यांनी काठ्या खाली ठेवल्या.

“बघ. यंत्रालाबी कळलं.”

आधी कॅलिब्रेशन करायचं सोडून मी त्यांना थेट गाण्यावर बसवलं होतं. इंजिनिअर म्हणवून घेतो मी स्वतःला.

टीव्ही चित्र आल्या आल्या दाखवत नाही. रंग खुलव, हालचाल गुळगुळीत कर, असं करत काही फ्रेम धरून ठेवतो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एक फ्रेम म्हणजे १७ मिलिसेकंद. ब्लूटूथ तर आवाजाची आधी गाठोडी बांधतो, पाठवतो, पलीकडे थोडा साठवून मग सोडतो. त्यात १५० ते २५० मिलिसेकंद सहज जातात. म्हणजे अण्णा कानावर आलेल्या ठोक्यावर बरोब्बर मारत होते, पण गेमच्या घड्याळात तो ठोका केव्हाच होऊन गेला होता. सिनेमा बघताना हे खपून जातं, कारण चित्रही तेवढंच उशिरा दाखवता येतं. समोर वाजवणारा बसला की सगळं उघडं पडतं. म्हणून अशा गेममध्ये आवाजाचा उशीर आणि चित्राचा उशीर असे दोन वेगळे आकडे भरायचे असतात. २००८ च्या ‘रॉक बँड २’ च्या गिटारमध्ये त्यासाठी बारकासा माइक आणि उजेड ओळखणारा सेन्सर होता. गिटार टीव्हीसमोर धरली की आकडे आपोआप निघायचे. ड्रमवाल्याने ठोके देऊनच मोजायचं.

गोची इथेच आहे. ठोके देऊन निघालेला आकडा यंत्राचा की माणसाचा? ठेक्यावर बोट आपटायला सांगितलं तर बहुतेक माणसं ठोक्याच्या किंचित आधीच आपटतात, हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. म्हणजे सरासरीत दोघांचाही हिशेब मिसळलेला. मला सरासरी नको होती, एकेक ठोका सुटा हवा होता. रात्री पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला: टिक वाजवायची, अण्णांची काठी किती उशिरा पडली ते नोंदवायचं.

सकाळी चहा झाल्यावर अण्णांना डोळे मिटून शंभर ठोके मारायला लावले. उजव्या हाताचे ठोके साधारण २१० मिलिसेकंद उशिरा, पण सगळे एकाच जागी, फार तर दहा-बारा इकडे-तिकडे. माझी सरासरी जवळपास तेवढीच निघाली आणि पसारा त्यांच्या तिप्पट. मग साउंडबार काढला, लॅपटॉपला वायरचा स्पीकर लावला. अण्णांची सरासरी धपकन विसाच्या आसपास आली. पसारा होता तेवढाच.

“उशीर साउंडबारचा होता, अण्णा. तुमचा नव्हता.”

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आणि मंडळातला?”

तेव्हा कळलं की मंडळाने मागच्या वर्षी दोन ट्रॉली स्पीकर घेतलेत. बुवांचा माइक एकाला, दुसरा ब्लूटूथने जोडलेला. दुसरा कुठे असतो? अण्णांच्या कानाशी. हवेतून आवाजाला मीटरभर यायला तीन मिलिसेकंद लागतात. बुवा अगदी दहा मीटरवर बसले तरी तीसच. त्यांचा खरा आवाज आधी पोचत असणार, पण कानाशी दुसरा स्पीकर दणदणत असताना तो ऐकू कुणाला येणार? मंडळात जाऊन मी काही मोजलेलं नव्हतं. तरी बाजारातून पंधरा मीटर वायर आणली आणि कार्तिकीपर्यंत घरूनच काम करतो म्हणून ऑफिसला कळवलं.

एक गोष्ट मी अण्णांना सांगितली नव्हती. डाव्या हाताचे ठोके पसरलेले होते. उजव्याच्या दुप्पट, कधी जास्तच. ते साउंडबारवरही तसेच होते आणि वायरवरही तसेच.

एकादशीच्या संध्याकाळी निघालो. आईने डाव्या पुडीसाठी कणीक भिजवून डब्यात दिली होती. मृदंग अण्णांच्या खांद्यावर, वायर माझ्याकडे. अर्ध्या वाटेत अण्णा म्हणाले, “डाव्याचं मला ठाऊक आहे. मनगट आखडतंय. तू ती वायर नीट गुंडाळ, गाठी पडतील.”