अम्मीच्या जन्माची तारीख

मुलांनो, तुमचा वाढदिवस केव्हा असतो, असे विचारले तर तुम्ही चटकन तारीख सांगाल. माझ्या अम्मीला मात्र पुष्कळ वर्षे ती सांगता येत नव्हती. तिच्या आधार कार्डावर 1 जानेवारी 1950 असे लिहिले आहे. जन्माचा दाखला नव्हता. वर्ष अंदाजाने सांगितले आणि त्या वर्षाचा पहिला दिवस नोंदला गेला.

आम्ही मोरव्याला राहतो. भाईंदरहून उत्तनकडे जाताना मुर्धा, राई आणि मोरवा ही गावे लागतात. या भागात मिठागरे आहेत. भरतीचे खारे पाणी आत घेतात, ते उन्हाने आटते आणि मीठ धरते. पावसाळा येण्यापूर्वी मिठाच्या राशी रचतात. माझे अब्बा मिठागरावर हिशेब लिहीत असत. घरचा हिशेब अम्मीकडे होता, पण तो वहीत नव्हता, मनात होता. मोठा भाऊ राशी रचताना झाला, बहीण भातलावणीत झाली आणि मी, तिचे शेंडेफळ, वालाच्या शेंगांच्या दिवसांत झालो, असे ती सांगते. प्रत्येकाची वेळ तिला पाठ! स्वतःची विचारली की म्हणायची, "रामदास बुडाली तेव्हा मी पाळण्यात होते."

रामदास ही प्रवासी बोट होती. 17 जुलै 1947 रोजी सकाळी ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. वाटेत वादळी लाटांनी ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. नानीचे घर रेवसजवळच्या एका गावात होते. त्या दिवशी अम्मीचा अकीका व्हायचा होता. वाईट बातमी आली आणि गावात कोणाच्याच घरी चूल पेटली नाही.

एवढा धागा हाती आल्यावर आम्ही भावंडे हिशेबाला बसलो. अकीका सातव्या दिवशी करतात. 17 जुलैला गुरुवार होता. तो सातवा दिवस, म्हणजे पहिला दिवस 11 जुलै, शुक्रवार. नानीही नेहमी म्हणायची, "माझी पोर जुम्याची." हिशेब अगदी बरोबर जुळला. आमची अम्मी स्वतंत्र भारतापेक्षा पस्तीस दिवसांनी मोठी निघाली!

ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीत मोफत प्रवास मिळू लागला. अम्मीची पंचाहत्तरी तेव्हा नुकतीच झाली होती. पण कार्डाप्रमाणे तिला अजून अडीच वर्षे बाकी होती. ती हसून म्हणाली, "सरकारने मला तरुण ठेवले आहे, राहू दे." तिकीट काढून ती माहेरी जाऊन आली.

तारीख सापडली तेव्हा आम्ही केक आणायचे ठरवले. अम्मीने हात हलवून नको म्हटले. मग शांतपणे म्हणाली, "त्या आठवड्यात शेजारच्या किती आयांची मुले परत आली नाहीत. माझी आई मला कुशीत घेऊन बसली होती. मी जिवंत आहे याचा आनंद तिला उघड करता आला नाही. रडणाऱ्या बाईसमोर ती मला पदराखाली झाकून घ्यायची."

घरात कोणी बोलले नाही. अम्मीचा वाढदिवस इतकी वर्षे का झाला नाही, हे आम्हांला त्या दिवशी कळले. तारीख हरवली नव्हती. नानीने ती जपून झाकून ठेवली होती.

आता दर 11 जुलैला आमच्या घरी तांदळाची सांदणे होतात. गुडघे दुखत असले तरी पीठ अम्मीच कालवते. पहिले सांदण आम्ही तिला भरवतो. 17 जुलैला ती एका गरजू माणसाला जेवू घालते. नानीला जो आनंद लपवावा लागला, तो आम्ही उघडपणे करतो, आणि जे दुःख तिने पाहिले, तेही विसरत नाही.

मुलांनो, तुमच्या घरीही अशी एखादी अम्मी, नानी किंवा दादी असेल, जिच्या कार्डावर 1 जानेवारी लिहिलेले असेल. आज तिच्याजवळ बसा. तेव्हा पाऊस होता का, चंद्र कोणता होता, गावात काय घडले होते, हे तिला विचारा आणि वहीत लिहून ठेवा. तिने तुमचा एकही वाढदिवस चुकवला नाही. तिचा वाढदिवस शोधून काढणे हे आता तुमचे काम आहे.