नांदूरघाट : तीन ऋतूंतील पाहणी

बँकेच्या नोकरीत मी बदलीच्या आदेशानुसार राहिलो. कोठे राहावे हा प्रश्न माझ्यापुढे कधी आलाच नाही. निवृत्तीनंतर तो प्रथमच आला. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट हे आमचे मूळ गाव. वडिलोपार्जित वाडा तेथे अजून उभा आहे. पुण्यातील सदनिका विकून उर्वरित आयुष्य तेथेच घालवावे, असे मी मनाशी ठरवूनही टाकले होते. सौभाग्यवतींनी मात्र अट घातली. "अहो, कर्ज मंजूर करण्यापूर्वी तुम्ही शेत पाहायला जात होता ना? मग गावही पाहा. पण एकदा नव्हे, तीनदा."

पहिल्यांदा श्रावणात गेलो. बालाघाटाचे डोंगर हिरवे झाले होते. ज्या फळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते बीडचे सीताफळ झाडोझाडी धरू लागले होते. त्याच फेरीत अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी पाहिली. परतताना शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरीचे दर्शन घडले; आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना घेतली, ते हे क्षेत्र. त्या दिवशी कोणी कागद पुढे केला असता, तर मी स्वाक्षरी करून मोकळा झालो असतो.

दुसरी फेरी पौषातील. अनेक दारांना कुलुपे होती. माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली. मागे वृद्ध आणि मुले. "रात्री दोन वाजता तुमच्या छातीत दुखू लागले, तर गाडी कोण काढणार?" सौभाग्यवतींनी विचारले. आम्ही अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत जाऊन पाहिले. तासाभराहून अधिक वेळ लागला. मग गावात कोणाकडे गाडी आहे आणि रात्री कोण येईल, याची नोंद डायरीत केली.

तिसऱ्या वेळी वैशाखात गेलो. वाड्यातील आड कोरडा पडला होता. मांजरा धरण आमच्याच तालुक्यात, धनेगावास आहे. पण २०१६ च्या उन्हाळ्यात ते आटले आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. धरण जवळ असले, तरी घरात पाणी असेलच असे नाही, हे तेव्हा पटले.

वाड्याचीही नीट तपासणी केली. दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवदाचा मातीचा जाड थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच घरांनी माणसे गाडली. माहितगार अभियंत्याने स्पष्टच सांगितले, की माळवदाचा भार उतरविल्याशिवाय येथे झोपू नये.

त्या दुपारी मी खचून ओसरीवर बसलो होतो. शेजारच्या वृद्ध काकू टँकरच्या पाण्यातील एक घागर घेऊन आल्या. "गाळून घ्या हो वहिनी. तुमच्या सासूबाई गाळल्याशिवाय थेंब घेत नव्हत्या," असे त्या सौभाग्यवतींना म्हणाल्या. आईला जाऊन वीस वर्षे झाली. पुण्यात आमच्या मजल्यावर कोणास हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

परतीच्या प्रवासात सौभाग्यवतींनीच निर्णय सांगितला. सदनिका विकायची नाही. वाड्यात आताच राहायचे नाही. गावातच सिमेंटच्या पक्क्या घरातील दोन खोल्या वर्षभर भाड्याने घ्यायच्या, पाण्याची मोठी टाकी बसवायची आणि सगळे ऋतू अनुभवून पुढचे ठरवायचे. साधू-साध्वीसुद्धा चातुर्मासाचे स्थान पारखूनच निश्चित करतात. गृहस्थाने उतारवयात त्याहून घाई का करावी?

निवृत्त बंधु-भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते, की गाव पाहायचे तर टंचाईच्या महिन्यात पाहा, घरातील सर्वांत अशक्त माणसाच्या सोयीने पाहा आणि परतीची वाट राखून ठेवा. आम्ही येत्या अक्षय्य तृतीयेस राहावयास जात आहोत. उन्हाळा तेव्हा भरात असेल; तो मुहूर्त सौभाग्यवतींनीच निवडला आहे.